हिरडीटोल्याची श्रवण-नोंदवही

हिरडीटोला, गोरेगावजवळ
जिल्हा भंडारा
शनिवार, १३ जून १९५९

चमेली,

काल, शुक्रवार दिनांक १२ जून रोजी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, तू गोंदियाच्या सभागृहात उभी राहून धुरपताची नोकरी काढून घेतलीस. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. कॉन्व्हेंटात मदर ॲग्नेस म्हणत, तक्रार लिहायची तर आधी तारीख आणि वेळ लिहावी, म्हणजे पुढचे रडगाणे आपोआप आखूड होते. मी रडगाणे गाणार नाही. मला फक्त एक उत्तर हवे आहे.

'चिरंजीव' लिहिलेले नाही. ते राहून गेले असे समजू नकोस.

तू वाचलास तो अहवाल छान होता. भाषा स्वच्छ, वाक्ये छोटी. शिकवले कोणी ते मला ठाऊक आहे. हिरडीटोल्याच्या शाळेत रेडिओचा संच बसवला, चार महिने मुलींनी आठवड्यातून तीनदा शालेय कार्यक्रम ऐकला, आणि डिसेंबरच्या परीक्षेत तिसरी-चौथीच्या मुलींना शंभरापैकी सरासरी अठ्ठावन्न गुण पडले. पलीकडच्या टोल्यावरच्या शाळेत संच नव्हता, तिथे एकतीस. म्हणून संचामुळे सत्तावीस गुण वाढले. म्हणून ज्या शाळेत संच तिथे दुसरा शिक्षक नको. म्हणून हिरडीटोल्याची दुसरी जागा एक जुलैपासून बंद. तीन 'म्हणून' तू एका श्वासात घेतलेस. समितीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. वजाबाकी बरोबर आली की आपल्याकडे लोक टाळ्या वाजवतात, कशातून काय वजा केले ते कोणी विचारत नाही.

धुरपता मागच्या रांगेत बसली होती. मी जिथे बसले होते तिथून तिचा चेहरा नीट दिसत होता. तिला आधी कळलेच नाही. 'दुसरी जागा' म्हणजे आपण, हे तिला शेजारच्या बाईने सांगितले.

तुला मुंबईला सहा महिने जे शिकवले त्यात बहुधा हे नसावे, म्हणून लिहिते. तुमचा रेडिओ बॅटरीवर चालतो. बॅटरी भरावी लागते. ती भरायची गोरेगावला पुरनलालच्या भातगिरणीत, असे तुमच्याच कागदावर लिहिले आहे. हा कागद ज्याने लिहिला त्याने कधी धान भरडून आणलेले नाही. पावसाळ्यात लोकांकडे धान नसते, होते ते बियाण्यात गेलेले असते. पुरनलालचे इंजिन आखाडीला, म्हणजे आषाढी पौर्णिमेला, थांबते ते दिवाळीनंतर नवे धान आले की सुरू होते. आणि तुमचे चार महिने कोणते? जुलै ते ऑक्टोबर. बारा महिन्यांतले नेमके तेच निवडायला विशेष अक्कल लागते.

मी स्वतः त्याच्याकडे गेले होते. तो म्हणाला, "बाईजी, धान नाही तं इंजन कायले चालवू? बॅटरी के लिये डिझेल फूंकू क्या?" त्याचे काही चुकले नाही. मग शालीकराम गुरुजी ती बॅटरी मांडीवर घेऊन गोंदियाच्या मोटारीत बसले. नाल्याच्या खड्ड्यात मोटार उसळली आणि आतले तेजाब त्यांच्या धोतरावर सांडले. धोतराला ताटाएवढे भोक पडले. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, या तो ये पेटी बैठेगी, या तो पब्लिक बैठेगी." हेडमास्तर माणूस, पंचा गुंडाळून, बॅटरी डोक्यावर घेऊन चार मैल चालत परत आला. त्यानंतर ते पुन्हा गेले नाहीत. मीही त्यांना जा म्हणाले नाही.

चौदा जुलैला रेडिओ सुरू झाला. एक ऑगस्टला, शुक्रवारी, तो शेवटचा बोलला. एकूण नऊ पाठ. कार्यक्रम होते चव्वेचाळीस. उरलेले पस्तीस पाठ त्या पेटीने दिलेले नाहीत.

तरी अठ्ठावन्न गुण पडले ते कसे, हे तुला विचारावेसे वाटले नाही. मी सांगते. रोवणीच्या दिवसांत पलीकडच्या टोल्यावरच्या निम्म्या मुली शाळेत नव्हत्या, भाताच्या बांध्यांमध्ये गुडघाभर चिखलात परे, भाताची रोपे, लावत होत्या. आमच्याही होत्या. पण धुरपता सकाळी शाळेत पहिली-दुसरी घ्यायची आणि दुपारी पदर खोचून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जायची. एका बांधीला अठरा पेंढ्या, बाया सहा, मग एकीच्या वाट्याला किती? मुली वाकलेल्या, हात चिखलात, आणि तोंडाने भागाकार. चुकली की सगळ्या बाया हसायच्या. तो दुसरा शिक्षक. तुमच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

नोंदवहीत चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस पाठांपुढे 'ऐकला' असे लिहिले आहे. ते कसे, हे शालीकराम गुरुजींना विचार. अक्षर त्यांचे आहे.

यंत्रावर माझा राग नाही. ते नऊ दिवस मुली खरोखर ऐकत होत्या. समुद्राचा पाठ लागला तेव्हा बकारामच्या मुलीने विचारले, "एवढ्या पान्याले धुरा कोनं बांधला?" पण विचारले ते मला. रेडिओ पुढे बोलत होता. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "बाई, थो आपल्याले पायत नाई ना? मंग आपून बोट कायले वर कराचा?" तू हा प्रश्न तुझ्या अहवालात घातला असतास तर बाकीची अठरा पाने लिहावी लागली नसती.

अहवाल चुकीचा आहे असे समितीला लिहून कळव. कळवल्याचे मला लिही.

सुलोचना


हिरडीटोला
गुरुवार, १८ जून १९५९

चमेली,

माझ्या पत्राला तू निरोपाने उत्तर दिलेस. काल तुझा शिपाई केवळराम आला. पायरीवरच उभा राहिला, पाणीसुद्धा नको म्हणाला. "मोठ्याबाई, मॅडमनं सांगतला का, नोंदवहीतल्या सह्या पाहून घ्या म्हना. मले जास्त नाई मालूम." त्याला जास्त मालूम नसावे, पण माझ्या तोंडाकडे पाहून त्याला पुष्कळ कळले. तो लगेच निघाला.

आठ वर्षे तू या बाईच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवलीस. तुझे वडील तुलसीराम तेराव्या वर्षी तुझे लग्न लावायला निघाले, तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर दिवसभर बसून राहिले. ते म्हणाले, "बाई, पवाराच्या पोरीले साहेबीन बनवून रायल्या का?" मी म्हणाले, हो. त्या बाईला तू शिपायाच्या तोंडून सही दाखवतेस. ठीक आहे. धारदार उत्तर द्यायला तू माझ्याकडेच शिकलीस.

सह्या पाहिल्या. पाहण्याची गरज नव्हती. प्रत्येक पानाच्या तळाशी 'मानद देखरेख' असे छापलेले आहे आणि त्यापुढे माझी सही आहे. मागच्या पत्रात मी लिहिले की अक्षर शालीकराम गुरुजींचे आहे. ते खरे आहे. मजकूर माझा आहे. हे मी लिहिले नव्हते.

चार ऑगस्टला, सोमवारी, रेडिओ बोलेना. गुरुजी खुंट्या फिरवत राहिले, तार ओढून पाहिली, शेवटी नोंदवही घेऊन माझ्याकडे आले. "आज 'बंद' लिहितो," म्हणाले. मी म्हणाले, "लिहू नका." ते घाबरट आहेत पण खोटे नाहीत. त्यांनी दोनदा विचारले. दुसऱ्यांदा मी त्यांच्यावर खेकसले. मग त्यांनी 'ऐकला' लिहिले आणि मी सही केली. ते अक्षर नेहमीसारखे सरळ नाही. तू नोंदवही तपासली असतीस तर तुला दिसले असते.

कार्यक्रमाची छापील पुस्तिका माझ्याकडे होती. ज्या दिवशी जो पाठ, तो मी आदल्या दिवशी वाचून ठेवायची. वर्गात जायची, पेटीच्या शेजारी उभी राहायची आणि बोलायची. पहिल्या दिवशी मुली आळीपाळीने पेटीकडे आणि माझ्याकडे बघत होत्या. नंतर बघेनाशा झाल्या. पस्तीस पाठ मी दिले. निवृत्त झाल्यावर इतके मन लावून मी काही केले नव्हते, हेही लिहून टाकते. कोणी हात वर केला की थांबायची, पुन्हा सांगायची. रेडिओ ते करत नाही, पण तुमच्या तक्त्यात ते रेडिओनेच केले.

हे का केले? तुझी ती पहिली नेमणूक. खात्यात तू एकटी बाई. तुझे साहेब आधीच म्हणत होते की बायकांच्या हातात यंत्र दिले की मोडते. तूच ते मला मे महिन्यात सांगितले होतेस, हसत सांगितलेस, पण पाटावर नखाने रेघोट्या ओढत होतीस. संच पहिल्याच शाळेत बंद पडला असता तर दोष बॅटरीला लागला नसता, तुला लागला असता. मला तू जिंकायला हवी होतीस. मी तुझ्यासाठी खोटे बोलले. आता मोजणी केली तर ते पस्तीस वेळा बोलले.

सह्या पाहून घ्या असा निरोप तू धाडलास, तर मीही तुला एक दिवस पाहायला सांगते. बुधवार, १७ सप्टेंबर १९५८. जीप नाल्यापलीकडे ठेवून तू शाळेत आलीस. कार्यक्रमाची वेळ झाली होती. मुली रांगेत बसल्या होत्या. तू खुंट्या फिरवल्यास. दिवा लागला नाही. तू पेटीच्या मागे हात घालून बॅटरीची तार चाचपलीस. तार बॅटरीला जोडलेलीच नव्हती. तू ती सोडलीस, हात रुमालाला पुसलास आणि माझ्याकडे पाहिलेस.

"आज हवामान बरोबर नाही वाटते," तू म्हणालीस.

"हो," मी म्हणाले.

बाहेर इतके लख्ख ऊन होते की कौलांकडे बघवत नव्हते. एकतीस मुली ऐकत होत्या. तू नोंदवही मागितलीस, उभ्यानेच सही केलीस आणि निघालीस. माझ्या घरी चहासुद्धा घेतला नाहीस. मी मागे पोळ्या बांधून पाठवल्या, त्या जीपपाशी पोचेपर्यंत तू गेली होतीस. तेव्हा मला वाटले, कामाची घाई असेल. आता वाटते, माझ्यासमोर बसायला लागू नये म्हणून गेलीस.

तेव्हा सह्या दोघींच्या आहेत. माझी सही चव्वेचाळीस पानांवर, तुझी एकावर. तुझी एक माझ्या साऱ्या सह्यांहून जड आहे, कारण तुझ्या सहीने माणसाची जागा जाते.

आणखी एक गोष्ट मी लपवली. बारा तारखेला तीन वाजून दहा मिनिटांनी मी कुठे बसले होते? मंचावर. तुझ्या डावीकडच्या तिसऱ्या खुर्चीत. मानद देखरेखीबद्दल समितीने दिलेली शाल माझ्या खांद्यावर होती. मी नको म्हणाले नाही. धुरपताला मीच बोलावले होते. "तुझेही नाव घेतील, नवे लुगडे नेस," असे सांगितले होते. ती हिरवे लुगडे नेसून आली. तू वाचत राहिलीस आणि मी मंचावर शाल सावरत बसले. उठून उभी राहिले असते तर तिथेच संपले असते. मी उठले नाही. लोक काय म्हणतील याचा विचार करत होते. लोक टाळ्या वाजवत होते.

आता लेखी उत्तर दे. निरोप पाठवू नकोस. केवळरामला या वयात एवढे चालवू नये.

सुलोचना


हिरडीटोला
बुधवार, २४ जून १९५९

चमेली,

सहा दिवसांत तुझे पत्र आले नाही. पोस्टमन उदाराम रोज दारावरून जातो आणि विचारायच्या आधीच मान हलवतो.

काल धुरपता आली होती. तीस जूनला शाळेच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, हे विचारायला आली होती. तिला घरात बसवून मी सगळे सांगितले. बॅटरी, नोंदवही, माझ्या सह्या, तुझी सही. कॉन्व्हेंटातल्या ख्रिस्ती मुली दर शनिवारी पाद्र्यापुढे पापे कबूल करायला जात. मी हिंदू म्हणून मला सूट होती. मला वाटायचे, बरी सुटले. ते काम किती अवघड असते हे काल कळले. समोर पडदाही नव्हता. ती तांदूळ निवडायला घेऊन बसली होती, तिने मान वर केली नाही.

माझे बोलून झाल्यावर म्हणाली, "मले मालूम होता, बाई."

"काय मालूम होते?"

"सारा. गावाले मालूम होता. पोरी घरी सांगत नाईत का? बकारामची म्हातारी तं म्हने, आपला रेडिओ मोठ्याबाईसारखाच खेकसते."

मी विचारले, मग कोणी बोलले का नाही. सरपंच बिसराम समितीवर आहे, तो तरी बोलला असता.

"बिसरामभाऊच म्हनला, चूप राहा. मोठ्याबाई आपल्या पोरीसाठी करून रायल्या. पोरीसाठी कोन करत नाई? तुमी एवढ्या पोरी शिकवल्या, मंग एकदा गावानं तुमाले झाकला तं का झाला?"

म्हणजे एवढे दिवस माझ्या पाठीमागे सगळे गाव माझ्यावर पांघरूण घालत होते आणि मी त्यांच्यापुढून ताठ मानेने जात होते. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या. हा उपकार परत करता येत नाही.

मी तिला म्हणाले, मी चमेलीला दोन पत्रे लिहिली आहेत, ती काय म्हणते ते पाहू. तेव्हा तिने सूप खाली ठेवले. नवरा गेल्यापासून या शाळेवर ती आणि तिची मुलगी जगतात. ती मुलगी गेल्या वर्षी तिसरीत होती, अठ्ठावन्न सरासरीत तिचे चौसष्ट आहेत. धुरपता कधी माझ्याशी वर तोंड करून बोललेली नाही.

"बाई," ती म्हणाली, "तिच्यासाठी खोटा बोलल्या तवा कोनाले पत्र लिवून पुसला होता का? मंग माह्यासाठी खरा बोलाले काऊन पुसून रायल्या?"

आणि उरलेले तांदूळ निवडून, सूप भिंतीला लावून, ती गेली. किल्ल्यांचे विचारायचे तिच्याकडून राहून गेले.

त्यामुळे हे तिसरे पत्र विचारण्यासाठी नाही. मी काय करणार ते सांगण्यासाठी आहे.

समितीची बैठक मंगळवार, ३० जून रोजी सकाळी अकराला आहे. बिसरामने मला तिथे बोलण्याची परवानगी मिळवली आहे. त्याला मी कारण सांगितले. तो म्हणाला, "सोचून घ्या, बाई. गावानं झाकलेला तुमी उघडा करून रायल्या." सोचून झाले आहे. मी निवेदन लिहिले आहे. तीन प्रती काढल्या, दोन पाने प्रत्येकी. चव्वेचाळीस पाठांपैकी नऊ रेडिओने दिले, पस्तीस मी दिले, शेतातली शिकवणी धुरपताने केली, आणि नोंदवही माझ्या सांगण्यावरून खोटी भरली. शालीकराम गुरुजींना दोष नाही, त्यांनी दोनदा विचारले होते, तेही लिहिले आहे. शेवटी मागणी अशी : जागा बंद करण्याचा ठराव मागे घ्यावा. ज्या सात शाळांना नवे संच जाणार आहेत तिथे ते जाऊ द्यावेत, पण कोणाच्याही जागी नव्हे. बॅटरी भरायची सोय आधी करावी, आणि मग पुन्हा वर्षभर मोजावे, बाराही महिने. तेव्हा संचाने गुण वाढले तर मी पहिली टाळी वाजवीन.

माझी निवृत्तीची रक्कम थांबवतील, शाल परत मागतील, गोंदियातल्या ज्या शाळेत माझी तसबीर लावली आहे तिथून ती उतरवतील. उतरवू देत. तसबिरीत मी तशीही फार रागीट दिसते.

तुझे काय होईल ते मला सांगता येत नाही. नोकरी जाईल कदाचित. बढती तर नक्कीच जाईल. तुझे साहेब म्हणतील, पाहा, बाईच्या हातात दिले की असे होते. हे मला लिहिताना बरे वाटत नाही. ऐकायला तुला त्याहून वाईट वाटेल. पण खोटे तू मंचावरून वाचलेस आणि त्याने नोकरी गेली ती धुरपताची. आपण दोघी जागच्या जागी आहोत.

हे पत्र मी बिसरामच्या हाती पाठवते आहे, म्हणजे ते मिळाले नाही असे तुला म्हणता येणार नाही. सोबत निवेदनाची एक प्रत आहे. त्यात सतरा सप्टेंबरची हकीकत मी अजून घातलेली नाही. तिच्यासाठी दुसऱ्या पानावर चार ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत. त्या तुझ्या अक्षरात भर, खाली सही कर, आणि प्रत परत पाठव. नाहीतर 'नाही' असे लिहून, त्याखाली सही करून पाठव. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण लेखी हवे, आणि सोमवार दिनांक २९ जून रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात हवे. मंगळवारी पहाटेच्या मोटारीने मी गोंदियाला निघते. धुरपता माझ्याबरोबर आहे.

पाच वाजून गेले तर त्या चार ओळी मी भरीन. तुझे नाव त्या कागदावर येणारच आहे, चमेली. ते मजकुरात यावे की खाली सहीच्या जागी, एवढेच तुला ठरवायचे आहे.

सुलोचना